तिसऱ्या मजल्यावरचं हसू: ‘जेन एअर’मधल्या पूर्वसूचना कशा वाचायच्या

गॉथिक कादंबरी म्हटली की जुना वाडा, कुलूपबंद खोल्या, मध्यरात्रीची किंकाळी एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यातून वातावरण तयार होतं. उत्सुकता मात्र त्यातून होत नाही. वाचक रात्री दोनपर्यंत पानं उलटत बसतो, कारण पुढे काहीतरी आहे याची कुणकुण त्याला लागलेली असते आणि लेखकाने ती मोजूनमापून लागू दिलेली असते. हे मोजमाप म्हणजेच पूर्वसूचन, साहित्याच्या वर्गात ज्याला फोरशॅडोइंग म्हणतात ते.

ते शिकायला शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ फार चांगली आहे. ऑक्टोबर १८४७मध्ये ‘करर बेल’ या टोपणनावाने ती लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. एकूण प्रकरणं ३८. तिच्यातली मुख्य गूढाची साखळी इतकी काटेकोर आहे की प्रत्येक कडी प्रकरणाच्या आकड्यासह दाखवता येते. आणि तिचं तंत्र बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. ब्राँटी उत्तर लपवून ठेवत नाही. प्रश्न उभा राहिला की ती लगेच उत्तर देते. फक्त ते उत्तर थोडं अपुरं पडतं, आणि जे उरतं ते वाचकाच्या डोक्यात घोळत राहतं.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी या लेखातल्या पहिल्या दोन पायऱ्या वाचून थांबावं. तिसऱ्या पायरीपासून सगळं रहस्य उघड केलेलं आहे.

पहिली पायरी: प्रत नीट निवडा

संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. संक्षेप करणारा कथानक ठेवतो आणि ‘बिनकामाच्या’ ओळी काढतो. पूर्वसूचना नेमक्या त्याच ओळींत असतात. एखाद्या मोलकरणीच्या केसांचा रंग, जिन्यात कुजबुजलेलं एक वाक्य, ओघात आलेली एक उपमा हे सगळं आधी जातं, आणि मग गूढ अचानक आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभ्यासकांच्या प्रस्तावना बहुधा पहिल्या दोन पानांतच रहस्य सांगून मोकळ्या होतात. मागच्या कव्हरवरचा मजकूर आणि चित्रपटाची झलक यांनाही हाच नियम लावा.

प्रकरणांचे आकडे तपासून घ्या. काही आवृत्त्यांत मूळ तीन खंड वेगळे ठेवून प्रत्येक खंडात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. पहिल्या खंडात १५ प्रकरणं आहेत, दुसऱ्यात ११ आणि तिसऱ्यात १२. तुमच्या प्रतीत ‘दुसरा खंड, प्रकरण पाचवं’ असं असेल तर त्यात १५ मिळवा, ते विसावं प्रकरण झालं. तिसऱ्या खंडासाठी २६ मिळवायचे. या लेखात सगळीकडे सलग क्रमांक वापरले आहेत.

दुसरी पायरी: पहिलं वाचन, पाच थांबे

पहिल्यांदा वाचताना टिपणं काढत बसू नका. हातात पेन्सिल आली की माणूस सावध होतो, आणि सावध वाचकावर पूर्वसूचनांचा परिणामच होत नाही. फक्त पाच ठिकाणी थांबा: ११, १५, १७, २० आणि २५ ही प्रकरणं संपल्यावर. प्रत्येक ठिकाणी एका ओळीत लिहा, ‘थॉर्नफिल्ड वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर काय आहे असं मला आत्ता वाटतं?’ ओळीखाली तारीख टाका आणि पुढे जा. आधीची ओळ खोडायची नाही.

पुढच्या कामात या पाच ओळी लागतात. रहस्य कळल्यावर प्रत्येकालाच वाटतं की आपल्याला पहिल्यापासून शंका होती. लिहून ठेवलेल्या ओळीसमोर ते चालत नाही.

वेग फार मंद नको. ११ ते २६ ही प्रकरणं दोन आठवड्यांच्या आत संपवा. महिनाभर मध्ये सोडलं तर बारीक खुणा विसरल्या जातात आणि त्यांची फेड होते, म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो, तेव्हा काहीच वाजत नाही.

तिसरी पायरी: दुसरं वाचन आणि पाच रकाने

आता वही घ्या. आडव्या पानावर पाच रकाने आखा: प्रकरण, खूण, तिथल्या तिथे दिलेलं स्पष्टीकरण, त्या स्पष्टीकरणात न बसणारी गोष्ट, फेड कोणत्या प्रकरणात. चौथा रकाना सर्वांत रुंद ठेवा. उत्सुकता त्यातच साठत जाते.

सगळी कादंबरी पुन्हा वाचायची गरज नाही. २, ३, १०, ११, १२, १५, १६, १७, १८, २०, २१, २३, २४, २५ आणि २६ ही प्रकरणं, आणि फेडीसाठी ३३, ३६, ३७ एवढी पुरतात.

चौथी पायरी: मुख्य धागा, तिसरा मजला

जेन शिक्षिकेच्या नोकरीसाठी थॉर्नफिल्डला येते आणि अकराव्या प्रकरणात घर सांभाळणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स तिला वाडा दाखवतात. तिसऱ्या मजल्यावर जुनं फर्निचर आहे, भरतकामाने जड झालेले पडदे आहेत. इथे कोणी झोपत नाही, आणि वाड्यात भूत असतंच तर ते इथेच राहिलं असतं, असं त्या सहज बोलून जातात. मग दोन्ही बाजूंना बंद, काळी, छोटी दारं असलेला बोळ येतो. जेनला तो ब्ल्यूबिअर्डच्या वाड्यातल्या बोळासारखा वाटतो. त्याच क्षणी हसू ऐकू येतं, स्पष्ट पण आनंदाचा लवलेश नसलेलं.

इथे थांबून रकाने भरा. खूण: हसू. स्पष्टीकरण: मिसेस फेअरफॅक्स म्हणतात, शिवणकाम करणारी ग्रेस पूल असेल. लगेच दार उघडतं आणि ग्रेस समोर येते. तिशी-चाळिशीतली, चौकोनी बांध्याची, लाल केसांची, साधी बाई. भुताची कल्पना तिच्याकडे पाहून विरून जाते. न बसणारी गोष्ट: त्या हसण्याला हा चेहरा जुळत नाही. आणि मिसेस फेअरफॅक्स ग्रेसला दटावतात की आवाज फार होतोय, दिलेल्या सूचना लक्षात ठेव. कसल्या सूचना? शिवणकाम करणाऱ्या बाईला आवाजाबद्दल सूचना कशाला द्याव्या लागतात?

आता ती उपमा पुन्हा वाचा. ब्ल्यूबिअर्ड ही फ्रेंच लेखक पेरो याच्या १६९७च्या संग्रहातली गोष्ट. श्रीमंत नवरा, कुलूपबंद खोली, आणि त्या खोलीत त्याच्या आधीच्या बायका. म्हणजे रहस्याचं उत्तर ब्राँटीने ते हसू ऐकू येण्याच्या क्षणभर आधीच छापून टाकलं आहे. उपमा म्हणून आल्यामुळे वाचक ती वातावरणाच्या खात्यात जमा करतो आणि पुढे जातो. पूर्वसूचना लपवायला वर्णनासारखी दुसरी जागा नाही, याचा इतका धीट दाखला क्वचितच मिळेल.

पुढच्या कड्या नीट लावून पाहिल्या तर एक क्रम दिसतो. अकराव्या आणि बाराव्या प्रकरणांत धोका फक्त कानाला कळतो: हसू आणि पुटपुटणं. पंधराव्यात दाराच्या कुलपाच्या भोकाशी हसू येतं, मग जळण्याचा वास आणि धूर, आणि वाड्याचा मालक रोचेस्टर याच्या पलंगाला आग. जेन पाणी ओतून ती विझवते. रोचेस्टर वरच्या मजल्यावर जाऊन येतो आणि आधी तिलाच विचारतो, तू काय पाहिलंस, हे हसू आधी ऐकलं होतंस का. ग्रेस पूलचं नाव जेनच्या तोंडून येतं आणि तो फक्त ‘बरोबर ओळखलंस’ म्हणतो. म्हणजे खोटं उत्तर तो तयार करत नाही, तिने आणलेलं उचलतो. पहिला खंड इथे संपतो. विकत किंवा वाचनालयातून एकेक खंड घेऊन वाचणाऱ्या त्या काळच्या वाचकाला दुसरा खंड हातात घेण्यासाठी एवढं पुरेसं होतं.

सोळाव्या प्रकरणात ते उत्तर गळायला लागतं. आग लावणारी बाई तुरुंगात असायला हवी. ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत बसून नव्या पडद्यांना कड्या शिवते आहे, आणि जेनला विचारते आहे की तू रात्री दाराला कडी लावतेस ना.

सतरावं प्रकरण पुष्कळ जण घाईने वाचतात. त्यात पाहुण्यांची धांदल आहे, झगे आहेत, रोचेस्टर जिच्याशी लग्न करेल असं वाटतं ती ब्लांश इंग्रॅम आहे. पण त्याच धांदलीत वाड्यातली मोलकरीण लिआ आणि कामाला आलेली बाई यांचं बोलणं जेनच्या कानावर पडतं. ग्रेसला मिळणाऱ्या पगाराचा पाचवा हिस्साही लिआला मिळत नाही. ग्रेस दर तिमाहीला मिलकोटच्या बँकेत पैसे टाकते. तिचं काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. मग जेन दिसते, लिआ कोपराने खुणावते, आणि दुसरी कुजबुजते, ‘हिला माहीत नाही?’ याच प्रकरणात हेही कळतं की चोवीस तासांतला एकच तास ग्रेस खाली इतर नोकरांत घालवते. ना रक्त, ना किंकाळी. फक्त पगार आणि वेळेचा हिशोब. तरी ही कादंबरीतली सर्वांत परिणामकारक खूण आहे असं आम्हाला ठामपणे वाटतं. कारण इथून प्रश्न बदलतो. ‘वर काय आहे?’ याच्या जोडीला ‘सगळ्यांना माहीत आहे ते मला का सांगत नाहीत?’ हा प्रश्न येतो, आणि तो वाचकालाही वैयक्तिक लागतो.

विसाव्यात रक्त येतं. वेस्ट इंडीजहून आलेल्या मेसनवर रात्री हल्ला होतो. पाहुण्यांना सांगितलं जातं की एका नोकराणीला वाईट स्वप्न पडलं. जेन ज्या खोलीत मेसनजवळ बसते ती तिने घर पाहताना आधी पाहिलेली असते, पण तेव्हा भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यामागे दार होतं हे तिला दिसलं नव्हतं. आज पडदा बाजूला बांधलेला आहे. पलीकडून कुत्रं गुरगुरावं तसा आवाज येतो. आणि रोचेस्टर दोघांनाही बजावून जातो की एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही.

मग पंचविसावं. लग्नाच्या आदल्या रात्री जेन रोचेस्टरला सांगते की कोणीतरी खोलीत येऊन तिची लग्नाची जाळीदार ओढणी डोक्यावर घेतली, मग फाडून दोन तुकडे केले. चेहरा तिने आरशात पाहिला. बाई उंच, धिप्पाड, पाठीवर दाट काळे केस. रोचेस्टर पुन्हा म्हणतो, ग्रेस पूल असणार, अर्धं स्वप्न अर्धं खरं. वहीचं अकराव्या प्रकरणाचं पान उघडा. ग्रेसचे केस लाल होते. चौदा प्रकरणांपूर्वी ओघात टाकलेला एक रंग आता साक्षीला उभा राहतो. आणि रोचेस्टर म्हणतो, लग्नाला एक वर्ष आणि एक दिवस झाला की सगळं सांगेन. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे हे त्याने कबूल केलं.

कान, नाक, पैसा, रक्त, आरसा, आणि सव्विसाव्यात प्रत्यक्ष डोळ्यांसमोर बर्था मेसन, रोचेस्टरची पत्नी. प्रत्येक टप्प्याला धोका एक पाऊल जवळ येतो. पण मध्ये मोकळी जागाही आहे. एकविसाव्यात जेन आठवड्याची रजा घेऊन गेट्सहेडला, लहानपणी ती जिथे वाढली त्या मामीच्या घरी, जाते आणि महिनाभर राहते. तेविसाव्यात लग्नाची मागणी होते. या प्रकरणांत तिसरा मजला जवळजवळ नाहीसा होतो. ही ढिलाई नाही. सतत टोचत राहिलेली खूण बोथट होते.

पाचवी पायरी: मुका धागा, मदेराचे काका

दुसरा धागा शोधायला कठीण, कारण त्यात गॉथिक असं काहीच नाही. तिसऱ्या प्रकरणात औषधवाले मिस्टर लॉइड दहा वर्षांच्या जेनला विचारतात, आणखी नातेवाईक आहेत का? ती म्हणते, मामी म्हणाली की एअर नावाचे कोणी गरीब नातलग असतीलही. दहाव्यात मामीच्या घरची मोलकरीण बेसी सांगते की सुमारे सात वर्षांपूर्वी एक मिस्टर एअर चौकशी करायला आले होते आणि मदेरा बेटाकडे निघाले होते. एकविसाव्यात मरणाला टेकलेली मामी तीन वर्षं दडवलेलं पत्र देते: काका जॉन एअर तिला दत्तक घ्यायला तयार होते आणि मामीने त्यांना कळवलं होतं की जेन लोवुडच्या शाळेत तापाने गेली.

चोविसाव्यात रोचेस्टर जेनला उंची रेशमी कापडं घेऊन देऊ लागतो. त्याच्या पैशांवर नटण्याचा तिला संकोच वाटतो, म्हणून ती काकांना पत्र लिहिते. ते पत्र पोचतं तेव्हा जमैकाला परत निघालेला बर्थाचा भाऊ मेसन मदेरालाच काकांकडे थांबलेला असतो. सव्विसाव्यात वकील ब्रिग्ज आणि मेसन लग्न थांबवायला चर्चमध्ये उभे राहतात ते त्यामुळे. स्वाभिमानापोटी जेनने लिहिलेल्या पत्राने तिचंच लग्न मोडतं. आणि तेहतिसाव्यात त्याच काकांचे २०,००० पौंड तिला मिळतात.

३, १०, २१, २४, २६, ३३. सहा कड्या, आणि पहिल्या चारपैकी एकीतही वाचक दचकत नाही. नवीन वाचकाच्या वहीत हा धागा बहुधा नसतोच. पूर्वसूचन म्हणजे भीती असं धरून चाललं की असं होतं.

सहावी पायरी: चित्रं आणि स्वप्नं

काही खुणा कथानकाच्या नाहीत, प्रतिमेच्या आहेत. त्या रकान्यांत बसवताना ‘स्पष्टीकरण’ हा रकाना रिकामा राहील, चालेल.

तेविसाव्यात ज्या चेस्टनटच्या झाडाखाली मागणी होते त्यावर त्याच रात्री वीज पडते. पंचविसाव्यात जेन पाहते की खोड उभं चिरलं आहे, पण बुंधा आणि मुळं अजून जोडलेली आहेत. सदतिसाव्यात आंधळा झालेला रोचेस्टर स्वतःची तुलना त्या झाडाशी करतो. ताटातूट आणि पुनर्भेट, दोन्ही त्या एका खोडात आधीच आहेत. पंचविसाव्यातल्या स्वप्नात थॉर्नफिल्डची फक्त दर्शनी भिंत उरलेली दिसते. छत्तिसाव्यात जेन जळालेल्या वाड्यासमोर उभी राहते तेव्हा स्वप्नातली तीच भिंत तिला आठवते.

सर्वांत लांबची जोडी दुसऱ्या आणि सव्विसाव्या प्रकरणांची. मामीच्या घरी लाल खोलीत कोंडताना बेसी लहान जेनला पिसाळलेल्या मांजरीसारखी म्हणते आणि बसवलेल्या जागी बांधायची धमकी देते. चोवीस प्रकरणांनंतर रोचेस्टर बर्थाला दोराने खुर्चीला बांधतो. अठराव्यातला खेळही बघा. पाहुणे मूकाभिनयाने शब्द ओळखायला लावतात. रोचेस्टर आधी लग्नात उभा राहतो, शेवटी बेड्या घातलेला कैदी होतो. उत्तर ‘ब्राइडवेल’, म्हणजे तुरुंग. लग्न आणि कैद एका शब्दात बांधून सगळ्या पाहुण्यांसमोर मांडलं, आणि त्याच प्रकरणात मेसन दारात येतो.

बर्थाबद्दलच्या खुणा लिहून काढताना आणखी एक गोष्ट वहीत नोंदवा. गुरगुरणं, चावणं, जनावर की माणूस असा प्रश्न, हे सगळे शब्द आपल्याला ती दिसण्याआधीच तिच्याविरुद्ध तयार करतात. उत्सुकता वाढवण्याची किंमत इथे एका आजारी, कोंडलेल्या बाईने मोजली आहे. तंत्राचं कौतुक करताना हे नजरेआड करू नये.

कुठे चुकतं

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक अंधारी गोष्ट पूर्वसूचना धरणं. कसोटी सोपी आहे: पाचवा रकाना भरता येतो का? येत नसेल तर ते वातावरण. बाराव्या प्रकरणात संधिप्रकाशात जेनला गायट्रॅश नावाचा लोककथेतला भुताळी प्राणी आठवतो, आणि प्रत्यक्षात येतात रोचेस्टर, त्याचा घोडा आणि पायलट नावाचा कुत्रा. हे गूढ पानाभरात मिटतं. पण ते वाया गेलेलं नाही. भीतीदायक वाटलेल्या गोष्टीमागे साधं कारण असतं, अशी सवय ते वाचकाला लावतं, आणि म्हणून ग्रेस पूलचं उत्तर आपण निमूटपणे मान्य करतो.

दुसरी चूक, निवेदकाला विसरणं. ही गोष्ट सांगणारी जेन लग्नाला दहा वर्षं झालेली आहे, हे शेवटच्या प्रकरणात कळतं. तिला पहिल्या ओळीपासून सगळं ठाऊक आहे. तरी ती त्या त्या वेळच्या जेनला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगते, अगदी हसण्यालाही ‘ग्रेस पूलचं हसू’ म्हणते. ॲन रॅडक्लिफच्या १७९४च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’शी हे ताडून पाहा. तिथे नायिका काळा पडदा उचलते, बेशुद्ध पडते, आणि तिने काय पाहिलं ते वाचकाला कादंबरी संपत येईपर्यंत सांगितलं जात नाही. तो मेणाचा पुतळा असतो. तिथे पात्राला माहीत असलेलं वाचकापासून लपवलेलं आहे, त्यामुळे उलगडा झाल्यावर थोडं फसवल्यासारखं वाटतं. ‘जेन एअर’मध्ये पात्र आणि वाचक एकाच अंधारात असतात.

सातवी पायरी: स्वतः लिहून पाहा

तंत्र कळलं की नाही ते लिहिताना समजतं. १,५०० शब्दांची कथा घ्या. घर, ऑफिस, होस्टेल, काहीही चालेल. आधी शेवट ठरवा. मग तो शेवट खरा असेल तर आधीपासून कोणत्या तीन लहान गोष्टी खऱ्या असायलाच हव्यात ते लिहा: एखादा रंग, एखादा खर्च, एखादी वेळ. पहिली गोष्ट वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना टाका. ब्राँटीने केसांचा रंग भुताची भीती ओसरण्याच्या क्षणी टाकला, तसा.

खोटं स्पष्टीकरण खलपात्राकडून देऊ नका. अर्धवट माहिती असलेल्या भल्या माणसाकडून द्या. मिसेस फेअरफॅक्सचं बोलणं पटतं, कारण त्यांना थोडी शंका असली तरी पुरतं सत्य माहीत नाही.

उलगडा १,००० शब्दांच्या आसपास आणा. ‘जेन एअर’मध्ये तो ३८पैकी सव्विसाव्या प्रकरणात होतो, म्हणजे दोन-तृतीयांश वाट सरल्यावर. पुढची बारा प्रकरणं ‘वर कोण आहे’ यावर नाही, ‘आता जेन काय करणार’ यावर चालतात. उलगडा शेवटच्या ओळीत ठेवलात तर त्याचा परिणाम पात्रावर दाखवायला जागा उरत नाही आणि तिन्ही खुणा नुसत्या कोड्याच्या राहतात.

लिहून झालं की कथा दोघांना वाचायला द्या आणि ७०० शब्दांवर थांबवून विचारा, पुढे काय असेल? दोघांनीही बरोबर सांगितलं तर दुसऱ्या खुणेचं स्पष्टीकरण कमजोर आहे. ते आणखी पटण्यासारखं करा, खूण काढू नका. दोघांना काहीच प्रश्न पडला नसेल तर स्पष्टीकरण सगळं झाकून बसलं आहे. त्यात न बसणारी एक लहानशी गोष्ट उघडी ठेवा, आणि तिच्याकडे पात्राचंही लक्ष जाऊ द्या.